कलम नऊची पहिली आरोपी

समुद्रगवताच्या राखीव पट्ट्यात विनापरवाना शिरल्याबद्दल जिला सर्वांत आधी पकडलं गेलं, तिनंच तो पट्टा राखीव व्हावा म्हणून नऊ वर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते.

बाई निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर लोक बागेत फिरायला जातात, तशा त्या दर मंगळवारी ओहोटीची वेळ बघून बंदराच्या भिंतीखाली उतरायच्या आणि गुडघाभर पाण्यात जायच्या. बरोबर पाइपचे तुकडे जोडून केलेली एक मीटरची चौकट, पाटी आणि पेन्सिल. चौकट पाण्यात ठेवायची, आतली गवताची पाती मोजायची, आकडा लिहायचा, चौकट उचलून पुढे ठेवायची. त्या गवतात माशांची पिल्लं वाढायची, बोटाएवढे समुद्रघोडे पात्याला शेपटीचा विळखा घालून राहायचे, आणि ते गवत दरवर्षी कमी होत होतं. हे त्यांनी इतक्या टेबलांपुढे इतक्या वेळा सांगितलं, की त्या जिन्यात दिसल्या की "गवतबाई आल्या" असा निरोप आतपर्यंत पोचायचा आणि अर्ध्या कचेरीला एकदम भूक लागायची.

शेवटी कायदा झाला. त्याच्या मसुद्यावर जी समिती बसली होती, तिनं बाईंना साक्षीला बोलावलं. मसुद्याच्या नवव्या कलमात लिहिलं होतं, की योग्य कारणाशिवाय कोणीही राखीव पट्ट्यात शिरू नये. बाईंनी त्यातल्या 'योग्य कारणा'वर बोट ठेवलं.

"योग्य कारण कोणाकडे नसतं?" त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत माझ्या वर्गात एकही मुलगी योग्य कारणाशिवाय उशिरा आली नाही."

समिती हसली, आणि हसण्याच्या भरात कलम बदललं. परवान्याशिवाय, कोणत्याही कारणास्तव, कोणीही शिरू नये. शिक्षाही बाईंनीच घट्ट करून घेतली. नुसता दंड नको, कारण दंड मोठ्या कंपन्या चहाच्या बिलासारखा भरतात. दंडाबरोबर दोन वर्षं प्रवेशबंदी, आणि तीही सक्तीची. त्या दिवशी बाई घरी आल्या त्या लग्न जमवून आल्यासारख्या.

कायदा लागू झाल्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी त्या नेहमीप्रमाणे पाण्यात होत्या. आठव्या चौकटीवर वाकलेल्या असताना भिंतीवरून शिट्टी वाजली.

पहारेकरी नवा होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, आधीची बावीस वर्षं बुटांच्या दुकानाच्या दारात उभं राहून काढलेली. त्याला पोहता येत नव्हतं आणि ओल्या दगडांची धास्ती वाटायची, म्हणून तो भिंतीवरूनच बोलला.

"ओ बाई! बाहेर या. इथे बंदी आहे."

"माहीत आहे," बाई मान वर न करता म्हणाल्या. "एकशे बारा, एकशे तेरा... मीच घालायला लावलीय."

"कोणी का घालायला लावेना. परवाना आहे का?"

परवाना नव्हता. त्या तो मागायला तीनदा गेल्या होत्या. परवाने देणारी कचेरी मंजूर झाली होती, पण तिला खोली मिळाली नव्हती. अर्जाचा नमुना छपाईला गेला होता आणि तिथेच रमला होता.

"परवाने अजून निघतच नाहीत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे नाही." पहारेकऱ्यानं वही उघडली. "हे बघा बाई, मला नोकरी लागून पंधरा दिवस झालेत. गेल्या सोमवारी ते गाळ उपसणारं जहाज आत घुसलं, तेव्हाही मी शिट्टी वाजवली. त्यांना ऐकूच गेली नाही. तुम्हाला गेली. आता मी काय करू, सांगा!"

ते जहाज बाईंना माहीत होतं. बंदराची वाट खोल करण्याचं कंत्राट एका कंपनीला मिळालं होतं. तिचं जहाज हद्दीची तरंगती पिवळी पिंपं ओलांडून आत आलं होतं आणि शंभर पावलं लांबीचं गवत मुळासकट ओरबाडून गेलं होतं. मागे राहिलेल्या उघड्या चिखलाच्या कडेकडेनंच बाई आज मोजत होत्या. कंपनीला नोटीस गेली होती आणि उत्तराला सहा आठवड्यांची मुदत होती. बाईंना मुदत द्यायची गरज कोणाला वाटली नाही, कारण त्या तिथेच उभ्या होत्या. त्यांच्यावर त्याच दुपारी गुन्हा नोंदला गेला. पाटी, पेन्सिल आणि चौकट जप्त झाली. जप्तीच्या कागदावर चौकटीची नोंद 'संशयास्पद उपकरण, एक नग' अशी झाली.

बाईंचे यजमान मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींचे मेकॅनिक म्हणून बंदरातूनच निवृत्त झालेले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"ते उपकरण मी जोडून दिलंय," ते म्हणाले. "मलाही धरतील का गं?"

"तुम्ही पाण्यात नव्हता."

"म्हणजे नेहमीप्रमाणे श्रेय तुझंच."

दोन दिवसांनी संध्याकाळी बाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आला. तो वकील होता, म्हणजे घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणात जो आधी येईल त्याच्या बाजूनं उभा राहायचा. हा खटला त्याच्या आयुष्यातला पहिला असा होता, की ज्याची बातमी वर्तमानपत्रात आली. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

"मावशी, दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "तू उभी राहायचंस, चेहरा जरा दमलेला ठेवायचास. मी म्हणणार, हेतू चांगला होता. कायद्याचा उद्देश गवत वाचवण्याचा, आणि आरोपीचाही तोच. सरकारची आधीच शोभा झालीय. तेही ताणणार नाहीत."

"पण कलमात हेतूचा उल्लेखच नाही रे."

"नाही ना! कोणीतरी बिनडोकपणे लिहिलंय ते कलम."

यजमान खोकल्याचं निमित्त करून आत गेले.

शनिवारी सकाळी दारात एक उंच, नीटनेटकी बाई उभी राहिली. हातात महागड्या बिस्किटांचा डबा. ती गाळ उपसणाऱ्या कंपनीची वकील होती. खटल्याचे कागद बघायला आलेला भाचा तिला बघून खुर्चीतून असा उठला, की चहा सांडला. तिचं नाव त्यानं कॉलेजात असल्यापासून ऐकलं होतं.

"मी आमच्या कंपनीच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करायला आलेय," ती म्हणाली. "आणि एक विनंती करायला. तुमचा खटला मला लढू द्या. एक पैसा नको. तुमच्या कामाबद्दल आम्हाला फार आदर आहे."

"गवत उपटलं तेही आदरानंच का?" यजमानांनी विचारलं.

"अहो," बाई म्हणाल्या. मग पाहुणीकडे वळल्या. "तुमच्या जहाजाचा खटला कधी उभा राहणार?"

"पुढच्या महिन्यात. त्याच न्यायालयात."

"आणि तुमचं म्हणणं काय असणार आहे?"

"ते अजून तसं ठरलेलं नाही," वकीलबाई गोड हसून म्हणाली.

ज्या मुलींनी उत्तर तोंडपाठ केलेलं असायचं, त्याच असं म्हणायच्या, हे बाईंना एकतीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. विचार करून कळवते, असं म्हणून त्यांनी पाहुणीला दारापर्यंत पोचवलं. बिस्किटांचा डबाही तिच्या हातात परत दिला. भाच्याची नजर डब्यामागोमाग जिना उतरून गेली.

"आता मला सांग," बाई बसत म्हणाल्या. "न्यायालयानं माझ्या खटल्यात म्हटलं, की हेतू चांगला असेल तर कलम नऊ लागू होत नाही. पुढच्या महिन्यात त्याच न्यायाधीशांपुढे ही बाई उभी राहणार. ती काय म्हणेल?"

भाच्यानं सांडलेल्या चहावर फडकं टाकलं. "म्हणेल, की वारा होता. जहाज आणि माणसं सुरक्षित ठेवायची होती. हेतू चांगला होता."

"आणि मग?"

"मग..." त्याचा आवाज उतरला. "कंपनी सुटेल."

"म्हणून ती फुकट लढतेय. मला सोडवायला नाही आलेली, स्वतःची वाट खोल करायला आलीय."

"पण मावशी, म्हणून तू काय शिक्षा मागून घेणार आहेस?"

बाई कप उचलून आत गेल्या. एकदा धुतलेले कप त्यांनी पुन्हा धुतले, तेव्हा यजमान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"दोन वर्षं बंदी लागेल," ते म्हणाले.

"मीच लिहून घेतलीय ती."

"तुझं वय एकोणसत्तर. गुडघे त्याहून चार वर्षांनी मोठे."

"माहीत आहे."

"पुन्हा उतरता येईल न येईल."

"माहीत आहे म्हटलं ना!" बाई जोरात म्हणाल्या. मग त्यांनी कप पालथा घातला. वह्यांमध्ये अकरा वर्षांचे मंगळवार होते. ताप असताना, यजमानांचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यातही, एक चुकला नव्हता. शौर्य वगैरे काही त्यांना वाटत नव्हतं. पालथा घातलेला कप उचलून त्यांनी तिसऱ्यांदा धुवायला घेतला.

न्यायालयाची खोली अरुंद होती आणि पंखा फिरण्यापेक्षा आवाजच जास्त करत होता. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. सरकारी वकील उठला आणि म्हणाला, की सार्वजनिक हिताचा विचार करता सरकार हा खटला मागे घेऊ इच्छितं. न्यायालयानं परवानगी द्यावी. भाचा उठला आणि म्हणाला, की आरोपीची हरकत नाही.

"आहे," बाई म्हणाल्या.

न्यायाधीशांनी रुमाल नाकापासून दूर केला. "काय आहे?"

"हरकत, साहेब."

"तुमच्यावरचा खटला मागे घ्यायला तुमची हरकत?"

"हो."

"वकीलसाहेब, तुमच्या अशिलाला समजावा."

"प्रयत्न केला, साहेब," भाचा म्हणाला. "ती माझी मावशी आहे."

न्यायाधीशांनाही बहुधा एखादी मावशी असावी. त्यांनी मान हलवली आणि बाईंना बोलायला सांगितलं.

"साहेब, मी शिरले होते," बाई म्हणाल्या. "परवाना नव्हता. कलम नऊ म्हणतं, कोणत्याही कारणास्तव नाही. यात मागे घेण्यासारखं काय आहे?"

"पण परवाना देणारी कचेरीच अस्तित्वात नाही, असं दिसतं. मग तुम्ही दुसरं काय करू शकला असता?"

"न जाणं शक्य होतं, साहेब."

खोलीत कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

"मी या आठवड्यात पुष्कळ विचार केला," त्या सावकाश म्हणाल्या. "शिट्टी वाजली तेव्हा मला राग आला. मला वाटत होतं, नियम चांगला आहे, पण तो बाकीच्यांसाठी. मी तर गवताच्या भल्यासाठी गेले होते. साहेब, त्या जहाजाच्या कप्तानालाही तसंच वाटलं असणार. नियम चांगला, पण आत्ता माझी अडचण वेगळी. पेपरवाले म्हणतात, चोर सोडून संन्याशाला फाशी. पण संन्याशाला एकदा सोडलंत, की उद्या सगळे चोर संन्याशाच्याच वेषात येतील. त्यांतले काही आज इथे बसलेतसुद्धा."

तिसऱ्या रांगेत कंपनीच्या वकीलबाईनं पेनचं टोपण लावलं.

सरकारी वकील खटला मागे घ्यायला धडपडत होता, बचावाचा वकील सुटका मागत होता, आणि शिक्षेच्या बाजूनं त्या खोलीत एकटी आरोपीच होती. न्यायाधीश तीनदा शिंकले. मग त्यांनी पुरावा म्हणून जोडलेलं समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागवलं आणि 'योग्य कारण' हे शब्द कोणाच्या सांगण्यावरून, काय म्हणून काढले, ते मोठ्यानं वाचलं. उशिरा येणाऱ्या मुलींचा मजकूर वाचताना त्यांचा रुमाल तोंडावर होता, सर्दीमुळेच असेल.

"विधिमंडळानं कारणाला जागा ठेवलेली नाही," ते म्हणाले. "न्यायालयालाही ती निर्माण करता येणार नाही. परवानगी नाकारली. आरोपीनं गुन्हा कबूल केला आहे. किमान दंड आणि दोन वर्षं प्रवेशबंदी." मग थांबून त्यांनी विचारलं, "बाई, समाधान झालं?"

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "पण बरोबर झालं."

बाहेर पायऱ्यांवर भाचा डोकं धरून बसला. "माझा पहिला गाजलेला खटला," तो म्हणाला. "आणि माझ्याच अशिलानं मला हरवलं."

पुढच्या महिन्यात कंपनीचा खटला उभा राहिला. वारा होता, माणसं सुरक्षित ठेवायची होती, हेतू चांगला होता, हे वकीलबाईनं फार सुंदर मांडलं. न्यायाधीशांची सर्दी तोवर बरी झाली होती. त्यांनी गवतबाईंच्या निकालाची पानं पुढे ओढली आणि जहाजाला, कप्तानाला आणि कंपनीला दोन वर्षं बाहेर काढलं. बंदराची वाट खोल करण्याचं काम थांबलं. ज्यांची रोजी त्या कामावर होती, ते बाईंच्या यजमानांचे जुने सोबती रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. यजमान केस कापायला दुसऱ्या गल्लीत जाऊ लागले.

आणि बाई दर मंगळवारी भिंतीपलीकडच्या रस्त्यावर उभ्या राहू लागल्या. रस्ता राखीव पट्ट्यात नव्हता. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून खात्री केली होती. पहिल्या आठवड्यात पहारेकरी अवघडून त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"बाई, राग नाही ना?"

"तुम्ही तुमचं काम केलंत. मला सांगा, तुमच्या कामात आणखी काय काय येतं?"

त्यानं खिशातून नेमणुकीचा कागद काढला. पाच कामं होती. चौथं होतं, पट्ट्याच्या स्थितीची दर आठवड्याला नोंद ठेवणं.

"मग काय नोंद ठेवता?"

त्यानं वही दाखवली. प्रत्येक पानावर एकच ओळ होती. 'स्थिती ठीक.'

"हे तुम्ही कशावरून लिहिता?"

"भिंतीवरून," पहारेकरी म्हणाला.

महिनाभरात बाईंनी त्याला पाण्यात उतरवलं. आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, रस्त्यावरून ओरडून ओरडून. जप्त झालेली चौकट न्यायालयाच्या कोठारात धूळ खात होती, म्हणून यजमानांनी नवी जोडून दिली. पहारेकरी पाती मोजताना मोठ्यानं मोजायचा, सत्तरच्या पुढे हमखास चुकायचा आणि एखादा खेकडा दिसला की पहिल्यापासून सुरू करायचा. दोनदा मोजून दोन आकडे आले, की बाई त्यातला कमी तो वहीत लिहायच्या. बाई रस्त्यावर दुर्बीण घेऊन उभ्या असायच्या. "वाकून बघा! वरून काय बघताय, बूट विकताय का?" असं त्या ओरडल्या की येणारे-जाणारे थांबायचे. त्याचे आकडे वाईट होते. पण आकडे होते.

सहा महिन्यांनी कायद्यात दुरुस्तीचा प्रस्ताव आला. कलम नऊमध्ये 'योग्य कारणाशिवाय' हे शब्द पुन्हा घालायचे होते. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, की सध्याच्या कठोर तरतुदीमुळे एका वयोवृद्ध, निःस्वार्थी शिक्षिकेवर घोर अन्याय झाला असून, तसा अन्याय पुन्हा होऊ नये.

बाईंनी तो भाच्याकडून दोनदा वाचून घेतला. "वयोवृद्ध?" त्या म्हणाल्या. आणि साक्षीसाठी अर्ज केला.

समितीचे अध्यक्ष बाईंना बघून खूश झाले. त्यांना वाटलं, त्या आभार मानायला आल्यात. सचिवानं रिवाजाप्रमाणे विचारलं, की आपण कोणत्या नात्यानं बोलणार.

"या कलमाखाली शिक्षा झालेली गुन्हेगार," बाई म्हणाल्या. सचिवानं लेखणी थांबवून अध्यक्षांकडे बघितलं, आणि मग तसंच लिहिलं.

"बाई, ही दुरुस्ती तुमच्यासाठीच आहे," अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले. "ती झाली की तुमची बंदीसुद्धा उठवता येईल. पुढच्या मंगळवारी तुम्ही पाण्यात!"

भाचा बाईंच्या मागे बसला होता. मावशीनं टेबलाची कड घट्ट धरली, ते त्याला दिसलं.

"माझ्यासाठी एक करा," त्या शेवटी म्हणाल्या. "परवान्याच्या कचेरीला एक खोली द्या. टेबल नसलं तर मी घरचं देते. मोजायला जाणाऱ्यानं अर्ज करावा, जहाजानंही करावा, आणि ज्याला नाही म्हटलं त्यानं घरी बसावं. पण योग्य कारण घालू नका. माझ्या नावानं तर मुळीच घालू नका. माझ्यावर अन्याय झालेला नाही. माझ्यावर कायदा झालाय."

दोन तास चर्चा झाली. समितीनं दुरुस्ती फेटाळली नाही आणि मंजूरही केली नाही. ती पुढच्या अधिवेशनापर्यंत राखून ठेवली. बाईंच्या बंदीचा विषयही तिच्याबरोबरच राखला गेला. खोली मात्र लगेच मंजूर झाली, कारण त्याला कोणाचाच विरोध नव्हता. ती तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती.

पुढच्या मंगळवारी ओहोटी सकाळी दहाला होती. यजमान त्या दिवशी बाईंबरोबर आले आणि घडीची खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडून बसले. पहारेकरी गुडघ्याच्या वर पाण्यात गेला होता. जहाजानं ओरबाडलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर त्यानं चौकट ठेवली, वाकला, आणि एकदम ओरडला.

"बाई! इथे काहीतरी उगवलंय!"

"काय?"

"हिरवं आहे! बारीक! कोंब आहेत बहुतेक!"

"शेवाळ असेल. बोटात धरून बघा. मूळ चिखलात आहे का?"

तो इतका वाकला की त्याची हनुवटी पाण्याला टेकली. "आहे! चिखलातच आहे! तीन आहेत, बाई!"

बाईंनी दुर्बीण खाली घेतली. चष्म्याच्या आत त्यांना नीट दिसेनासं झालं होतं. यजमान खुर्चीत पुढे सरकले.

"पुन्हा मोजा!" बाई ओरडल्या.

पहारेकऱ्यानं पुन्हा मोजलं. मोठ्यानं, प्रत्येक आकड्याला थांबत. "चार!" तो आनंदानं ओरडला. "चार आहेत!"

बाईंनी वही हातावर उघडली, तारीख घातली, ओहोटीची वेळ घातली, आणि तीन लिहिले.